दुसऱ्या शनिवारचे सात

माटेनबाख गावच्या नेमबाजी मंडळाने जोडप्यांसाठी शिकवणी सुरू केली ती काही प्रेमाचा प्रसार करायला नव्हे. मंडळाला माणसंच उरली नव्हती. एकेकाळी शनिवारी दुपारी ज्या मैदानावर वीस-वीस बंदुका वाजायच्या, तिथे आता सात-आठ म्हातारे यायचे, चार गोळ्या झाडायचे आणि उरलेला वेळ कॉफीत नाशपातीची दारू ओतून एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. तेव्हा कास्पारने टूम काढली. नवराबायकोने जोडीने यायचं, सहा शनिवार शिकायचं, सातव्या शनिवारी परीक्षा द्यायची आणि जमलं तर कोटाला लावायचा बिल्ला घेऊन जायचं. कास्पार मंडळाचा सगळ्यात जुना शिक्षक, पंच्याहत्तरीचा, दोनदा लग्न करून दोनदा एकटा पडलेला. संसारावर बोलायचा त्याला हक्क होताच.

पाच जोडपी आली. त्यात रेगुला आणि फ्रिडली होते.

यायचा हट्ट फ्रिडलीचा. गावातल्या प्रत्येक पुरुषाने सक्तीच्या लष्करी सेवेत जाऊन बंदूक हाताळलेली, फक्त फ्रिडलीला तरुणपणी सपाट तळव्यांपायी परत पाठवलं होतं. ती गोष्ट त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षीही कुणी विसरू देत नव्हतं. खानावळीतल्या मोठ्या टेबलावर नेमबाजीचा विषय निघाला की कुणीतरी हटकून म्हणायचंच, "फ्रिडलीला विचारू नका, तो आपला बस चालवतो." तो हसायचा. पण रेगुलाने त्याच्याबरोबर तेहतीस वर्षं काढली होती, त्याचं कुठलं हसणं खरं आणि कुठलं दातओठ खाऊन आलेलं, हे तिला पाठमोऱ्या माणसावरूनही कळायचं.

तो गावाची शाळेची छोटी बस चालवायचा. दरीच्या दोन्ही अंगांच्या वस्त्यांवरून मुलं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी जेवायला घरी, पुन्हा शाळेत, पुन्हा घरी. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नदी. एकवीस वर्षांत बसला ओरखडासुद्धा आला नव्हता. त्या हिवाळ्यात मात्र त्याच्या उजव्या डोळ्यासमोर एक मळकट डाग यायला लागला. गावच्या डॉक्टरने डोळ्यांच्या इस्पितळाला चिठ्ठी लिहिली, जूनमधली तारीख मिळाली. तोवर थांबू, डागच तर आहे, असं फ्रिडली म्हणाला आणि रेगुलानेही मान डोलावली.

मैदानाची पद्धत जुनीच होती. इतर गावांनी केव्हाच विजेवर चालणारे फलक बसवले. माटेनबाखला अजून माणूस लागायचा. झाडणारा छपराखाली पालथा पडून झाडायचा आणि समोर तीनशे मीटरवर, टेकडीच्या पायथ्याला, सिमेंटच्या खोल खड्ड्यात दुसरा माणूस उभा असायचा. गोळी आली की त्याने फलक खाली ओढायचा, भोक शोधायचं, भोकावर कागदाची टिकली चिकटवायची, फलक वर ढकलायचा आणि लांब दांडीवरची चकती वर काढून किती गुण पडले ते दाखवायचं. काहीच लागलं नसेल तर चकती डावी-उजवीकडे हलवायची. वर छपराखाली कास्पार दुर्बिणीतून चकती बघून आकडा ओरडायचा. भोक दुर्बिणीतूनही दिसत नाही. चकती जे म्हणेल ते खरं.

आणि कास्पारचा नियम असा, की ज्याचा त्याचा जोडीदारच खड्ड्यात उभा राहणार. "आपल्या चुका परक्याने मोजल्या की भांडण होतं," तो म्हणाला, "नवराबायकोने मोजल्या तर रोजचंच आहे."

पहिल्या शनिवारी रेगुलाने गोळ्या झाडल्या तेव्हा तिला चक्क आठ आणि नऊ पडले. फ्रिडलीला खड्ड्यात भोकं शोधायला वेळ लागत होता. तो बोटांनी फलक चाचपतो, असं शेजारच्या फलकावरच्या मार्ग्रितने हसत सांगितलं, आणि रेगुलाही हसली. मग पाळी बदलली. फ्रिडलीने दहा गोळ्या झाडल्या. दोन फलकाच्या पांढऱ्या कडेला लागल्या, बाकी आठ टेकडीत गेल्या. रेगुलाने प्रामाणिकपणे आठ वेळा चकती हलवली.

त्या रात्रीचं जेवण तो जेवलाच नाही. पावावर लोणी आणि रानपाला घातलेलं हिरवं चीज लावून तिने पुढ्यात ठेवलं, ते तसंच राहिलं. टीव्हीसमोर बसला, पण टीव्ही लावला नाही. रविवारी खानावळीत गेला नाही. सोमवारी बसवर जाताना म्हणाला, "पाय सपाट होते तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं." रेगुलाला गलबलून आलं. हे सात शनिवार म्हणजे आपण त्याच्यासाठी उगाच विकत घेतलेलं दुखणं आहे, असं तिला वाटलं.

दुसऱ्या शनिवारी त्याची पहिली गोळी आली, तिने फलक खाली ओढला. भोक नव्हतं. ती क्षणभर नुसतीच उभी राहिली. मग कोऱ्या फलकावर एक टिकली चिकटवली, फलक वर ढकलला आणि चकती वर काढून सात दाखवले.

सात म्हणजे फार नाही. ती स्वतःला तेच सांगत होती. लगेच दहा दाखवले असते तर खोटं म्हटलं असतं. सात म्हणजे नुसता पाठीवर हात. मार्ग्रितने पाहिलं होतं. तिने डोळा मारला आणि म्हणाली की मीपण आमच्याला गेल्या शनिवारी वाढदिवसाचा एक दहा देऊन टाकला.

त्या संध्याकाळी फ्रिडलीने शीळ घालत भांडी घासली. आता तुम्हीच सांगा, तेहतीस वर्षांत ज्याने भांड्याला हात लावला नाही तो शीळ घालत घासायला लागला, तर कुठली बायको पुढच्या शनिवारी चकती हलवेल? तिसऱ्या शनिवारी तिने आठ दाखवले. चौथ्याला नऊ. कास्पार दुर्बिणीला डोळा लावून म्हणाला की तुझा नेम मला डावीकडे जातोय असं वाटतं, पण रेगुला नऊ म्हणते तर नऊच असणार. खानावळीत मोठ्या टेबलावर फ्रिडलीला नावानिशी खुर्ची मिळाली. तो ताठ चालायला लागला. रेगुलाने त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि झाड हलतंय हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

चौथ्या शनिवारनंतरच्या मंगळवारी तो दुपारी घरी आला आणि सहज सांगावं तसं म्हणाला की मी इस्पितळाला फोन करून तारीख रद्द केली.

"का?" रेगुलाने विचारलं.

"का म्हणजे? तीनशे मीटरवरचा काळा गोल मी फोडतोय. तो डॉक्टर मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावणार. डोळ्यांना काही झालं असतं तर नऊ कसे पडले असते, सांग ना."

सांगता आलं असतं. ओट्याशी उभी होती, बटाटे सोलत होती, आणि वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पण त्याचा चेहरा इतका उजळलेला की तिने मूग गिळले आणि बटाटे सोलत राहिली. या शनिवारी कमी दाखवू, मग आपोआप शंका येईल, मग परत तारीख घेईल, असा हिशेब तिने मनात केला. शनिवारी तिने सहा दाखवले, तर तो इतक्या पडेल चेहऱ्याने वर बघायला लागला, असं मार्ग्रितच्या नवऱ्याने छपराखालून खड्ड्यातल्या फोनवर सांगितलं, की पुढच्या गोळीला तिने पुन्हा नऊ दिले. असा तिचा धीर.

रात्री मात्र झोप उडाली होती. खाई त्याला खवखवे. तो शेजारी घोरायचा आणि ती छताकडे बघत दरीतला रस्ता वळणावळणाने मोजायची.

परीक्षेच्या आदल्या गुरुवारी ती चर्चसमोरच्या बेकरीतून बाहेर पडत होती. बस वळणावरून आली. बालवाडीतली मुलं गळ्यात केशरी पट्टे घालून शाळेतून निघाली होती. पट्टे इतके भडक की धुक्यातही दिसावेत. पुलापलीकडच्या कोरिनची मुलगी लुआना, पाच वर्षांची, कडेच्या भिंतीवर हात फिरवत एकटीच चालत होती. बस सावकाश आली आणि सावकाशच तिच्या अंगावर गेली. म्हणजे गेली असती. रेगुलाच्या तोंडून आवाज फुटायच्या आत लुआना भिंतीला चिकटली, आरसा तिच्या केसांवरून गेला आणि बस पुढे निघून गेली. ब्रेक लागला नाही. हॉर्न वाजला नाही. फ्रिडलीने त्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही.

लुआना घाबरली नव्हती. तिने रेगुलाला हात हलवून दाखवला आणि उड्या मारत गेली.

घरी आल्यावर रेगुलाने विचारलं, दुपारी चर्चपाशी कोण होतं, दिसलं का. "कोणी नाही," फ्रिडली म्हणाला. "बेकरीतून तू येत होतीस का?" तो हसत होता. शुक्रवारी तिने पोट बिघडल्याचं सांगून कामावर रजा टाकली आणि चारही फेऱ्या बसमध्ये त्याच्या मागच्या जागेवर बसून काढल्या. मुलांना गंमत वाटली. ती प्रत्येक वळणावर बोलत राहिली, डावीकडे सायकल आहे, पुढे गाय आहे, आणि फ्रिडली चिडवत राहिला की म्हातारपणी बायकोचा रेडिओ होतो. त्या दिवशी संध्याकाळी तरी बोलायला हवं होतं. संध्याकाळी तो उद्यासाठी कोटाला इस्त्री करत होता.

सातव्या शनिवारी निम्मं गाव मैदानावर आलं. सॉसेज भाजले जात होते. रेगुलाने आधी झाडल्या. ती काय झाडत होती तिला आठवत नाही, पण बिल्ल्यापुरते गुण झाले. मग ती टेकडीखालच्या खड्ड्यात उतरली आणि फ्रिडली पालथा झोपला.

पहिली गोळी आली. फलक खाली घेतला. अगदी खालच्या कडेला भोक, दोन गुण. रेगुलाने टिकली लावली, दांडी उचलली. तिने दोन दाखवले.

दुसरी आली. भोक नव्हतं. वर ऊन होतं, खड्ड्यात सिमेंटचा गारवा होता, आणि मार्ग्रित तिच्याकडे बघून गालात हसत होती. आता नऊ देशील ना, असंच ते हसू होतं. रेगुलाने चकती वर काढली आणि डावी-उजवीकडे हलवली.

खड्ड्यातला फोन वाजला. कास्पार होता. "रेगुला, फलक नीट तपास. फ्रिडली म्हणतो चूक झाली असेल."

"तपासला. भोक नाही."

फोन दुसऱ्या हातात गेला. "अगं, उन्हामुळे तुला दिसत नसेल," फ्रिडली म्हणाला. मागे कुणीतरी हसत होतं, ताटल्यांचा आवाज येत होता. "बोटाने चाचपून बघ. मी तसंच करतो."

हे ऐकलं आणि रेगुलाला रडूच फुटलं. पण रडून भागणार नव्हतं.

"फ्रिडली, आजचं शून्य खरं आहे," ती म्हणाली. "मागचे नऊ खोटे होते."

"कुठले?"

"सगळे. दुसऱ्या शनिवारच्या सातपासून. तुझी एकही गोळी काळ्यात लागलेली नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून मी दाखवत गेले. गुरुवारी चर्चपाशी लुआना होती. आरसा तिच्या डोक्यावरून गेला. तुला दिसलीच नाही."

मार्ग्रितने तोंड फिरवलं आणि आपल्या फलकाची दोरी उगाच घट्ट करायला लागली. रेगुलाला वाटलं आता तो ओरडेल; ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आठ गोळ्या राहिल्यात," फ्रिडली म्हणाला. "जे असेल ते दाखव."

आणि त्याने त्या आठही झाडल्या. घाईने नाही, एकेक, कास्पारने शिकवलं तसा श्वास धरून. रेगुला फलक ओढत होती, बघत होती, चकती हलवत होती. शून्य. शून्य. तीन. शून्य. वर कास्पार आकडे ओरडत असणार आणि गाव ऐकत असणार. प्रत्येक वेळी दांडी उचलताना तिला वाटत होतं की आपण आपल्या माणसाला चारचौघांत उघडं करतोय, आणि हे अडीच आठवड्यांपूर्वी ओट्याशी, दार लावून, बटाटे सोलता सोलता करता आलं असतं. तेव्हा केलं असतं तर एकट्याचा अपमान झाला असता. आता गावभर झाला. तिच्या दयेची किंमत त्याने चुकवली, आणि लुआनाने चुकवायची राहिली ती केवळ नशिबाने.

गोळीबार थांबल्याचं लाल निशाण चढल्यावर ती वर आली. माणसं बाजूला झाली. नेहमी टोमणे मारणारेसुद्धा. कास्पारने तिच्या दंडाला हात लावला आणि म्हणाला, "डावीकडे जातोय असं मला वाटलं होतं. मीही बोललो नाही गं पुढे." तिला त्याच्याशी बोलायचं नव्हतं.

फ्रिडली गाडीत होता. चालकाच्या शेजारच्या जागेवर, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. त्या जागेवर त्याला तिने कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. ती स्टिअरिंगपाशी बसली, पण किल्ली फिरवली नाही.

"शिव्या दे," ती म्हणाली.

"कशाला?" तो समोर बघत होता. "तू काय दाखवत होतीस ते मला दिसतच नव्हतं. कास्पार ओरडायचा तेव्हा कळायचं."

"आणि काळा गोल?"

"गोल कुठला. काहीतरी राखाडी. बाकीचे जिकडे तोंड करायचे तिकडे मी करायचो."

"मग नऊ पडतात कसे, असं वाटलं नाही तुला?"

"वाटलं ना." त्याने डोळे चोळले. "पहिल्या सातलाच वाटलं. पण विचारलं असतं तर खरं कळलं असतं. मग म्हटलं, रेगुला दाखवतेय, असेल बुवा."

रेगुलाला आधी राग आला, चांगला सणसणीत. अडीच आठवडे ती रात्री रस्त्याची वळणं मोजत होती आणि हा शेजारी सगळं ठाऊक असून घोरत होता. मग राग ओसरला आणि खाली जे अपराधीपण होतं ते तसंच होतं. पाप वाटून घेतलं की निम्मं होतं म्हणतात. हे दोघांच्या वाट्याला पुरंच्या पुरं आलं. तिने त्याच्यासाठी झाकलं होतं, त्याने तिच्या आडोशाने झाकलं होतं, आणि दोघांच्या मधून दिवसातून चार वेळा बावीस मुलं जात होती.

"सोमवारी?" तिने विचारलं.

"सोमवारी नाही. सोमवारपासून नाही." फ्रिडली म्हणाला. "किल्ल्या आज संध्याकाळी पंचायतीत देतो. आधी कोरिनकडे चल."

"तिला काय सांगणार?"

"तू सांगितलंस तेच. मला फोनवर सांगितलंस तसंच."

तिला नको होतं. कोरिनला अजून काही माहीत नव्हतं, लुआनाला तर झालेलं कळलंही नव्हतं. गप्प राहिलं तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. ही लालूच तिला वाटली हे तिने कबूल करायला हवं, आणि पाच आठवड्यांपूर्वीची रेगुला तिला बळीही पडली असती. तिने गाडी सुरू केली.

कोरिनचं घर पुलापलीकडे. दोघं उतरली. फ्रिडली दारापर्यंत आला तेव्हा पायरी त्याने पायाने चाचपली, आणि रेगुलाने ते पाहिलं, आणि याआधी आपण किती वेळा पाहून न पाहिल्यासारखं केलं असेल असा विचार तिच्या मनात आला. त्याने घंटा वाजवली.

दार लुआनाने उघडलं. तोंडाला जॅम लागलेला होता. तिने फ्रिडलीकडे वर पाहिलं, त्याच्या मागे रस्त्यावर बस दिसते का ते पाहिलं, आणि तिला त्याची कीव आली असावी.

"फ्रिडली, आज शनिवार आहे," ती समजावून म्हणाली. "आज शाळा नसते. तू घरी जा."

फ्रिडली तिचा चेहरा दिसावा म्हणून खाली वाकला. तेव्हा रेगुला पुढे झाली आणि म्हणाली, "बाळा, आईला बोलाव."